सोलापूरला ग्रिडची मोठी बॅटरी पाहिजे, का आधी तारा आणि डीपी नीट करा?

जुळे_सोलापूरकर

मंडळी, भांडण लावायला धागा काढलाय असं समजा पाहिजे तर. माझं म्हणणं एवढंच की शहरातल्या एखाद्या मोठ्या सबस्टेशनला लागून ग्रिडची बॅटरी, म्हणजे दुपारची वीज साठवून संध्याकाळी सोडणारी, बसवायला पाहिजे आणि ती मागणी आपणच लावून धरायला पाहिजे, पुण्या-मुंबईला सगळं होऊन उरलंसुरलं आपल्याकडं यायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आता बघा, ऊन आपल्याकडं लै. पीएम सूर्यघरमधून ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळतीय म्हणून विजापूर रोडला गच्चीवर गच्चीवर पॅनल बसायलेत, खेड्यात कृषी वाहिनीचे सोलर प्रकल्प वेगळे. ही सगळी वीज येते दुपारी. शहराला ओढ लागते सातनंतर, एसी, कूलर, दुकानं, मंगल कार्यालयं सगळं एकदम, आणि तेव्हा पॅनल थंड. मग भार कुणावर? कोळशावर. दाराशीच एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, ६६० चे दोन संच, २०१७ आणि २०१९ चे, पाणी उजनीचं. दुपारी सोलर चढलं की असल्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचं आणि दिवे लागले की परत पळवायचं, असं रोज. फार खाली नेलं तर भट्टी विझू नये म्हणून तेल जाळावं लागतं, मशीनची झीज होते ती वेगळीच.

दिल्लीत किलोकरीला २०२५ मध्ये भर वस्तीतल्या ३३ केव्ही सबस्टेशनमध्ये २० मेगावॅट, ४० मेगावॅट-तासाची बॅटरी बसली. छत्तीसगडला राजनांदगावला ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तास, सोलरला जोडून. मग सोलापूरनं काय घोडं मारलंय?

शिव्या घालायच्या असतील तर आकड्यात घाला, म्हणजे मला पण उत्तर देता येईल.

कडक_भाकरी

पहिलं पाणी रोज सोड म्हणावं बे. मग बॅटरी.

जुळे_सोलापूरकर

@कडक_भाकरी पाण्याचा धागा वेगळा आहे, तिथं मी पण तुझ्या बाजूनंच लिहिलंय की बे.

टॉवेलवाला_अशोक_चौक

दादा, तुमचं लिखाण भारी आहे पण तुम्ही कधी मागाच्या कारखान्यात रात्रपाळीला उभारलाय का माहीत नाही. आमची लाईट कोळसा कमी पडला म्हणून जात नाही. वारं सुटलं, फांदी तारेवर पडली, डीपीचा फ्यूज उडाला, केबलचा जॉइंट जळाला, मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर तापून ट्रिप झाला, ह्यानं जाते. वळवाचा पाऊस आला की पहिल्या पाच मिनिटात अंधार हे आमच्या भागातल्या लहान पोराला पण पाठ आहे. आणि जाते ती जाते, येताना दोन-तीनदा उघडझाप करून येते. माग चालता चालता बंद पडला की आडवा धागा अर्ध्यात राहतो, परत चालू केला की बरोबर त्या जागी टॉवेलवर एक आडवी रेघ दिसते, बारीकच असते, तुम्हाला दाखवली तर तुम्ही म्हणाल चालतंय की, पण माल घेणारा टॉवेल उजेडावर धरून बघतो आणि तो नग बाजूला टाकतो. तिथून पुढं तो निम्म्या भावात जातो. कामगाराची मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागते.

आता मला सांगा, तुमची शंभर-दोनशे कोटीची बॅटरी सबस्टेशनला बसली. माझ्या गल्लीतली तार तुटली. ती वीज काय उडत येणार आहे का? तेवढ्याच पैशात अख्ख्या पूर्व भागातल्या तारा जमिनीखाली घाला, जुने डीपी बदला. आम्ही हार घालून सत्कार करू.

होटगी_रोडची_ताई

टॉवेलवाल्या दादांशी सहमत, आणि एक भर घालते. आमच्या गच्चीवर सोलर आहे. बसवताना वाटलं आता लाईट गेली तरी घरात असणार. पहिल्याच दिवशी लाईट गेली आणि भर दुपारी, पॅनलवर ऊन रणरणतंय आणि खाली पंखा बंद! बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला ताई असंच असतंय, ग्रिड गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरून शॉक बसेल. बरोबर आहे त्याचं, पण हे विकताना कुणी सांगत नाही. आता ही मोठी बॅटरी पण तशीच निघणार का? म्हणजे शेजारी उभी आहे, भरलेली आहे, आणि आपण अंधारात?

दुसरं म्हणजे आग. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला बॅटरीच्या केंद्राला आग लागली, हजारावर लोकांना घरं सोडून जावं लागलं. आमच्या घरापासून सबस्टेशनची भिंत दिसते. तिथंच बसवायची असेल तर मला आधी विचारा.

निवृत्त_ऑपरेटर

नोकरी सबस्टेशनमध्येच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आधी मेगावॅट आणि मेगावॅट-तास, कारण दोन्हीची गल्लत होते. सोलापूरकराला हे पटकन कळेल, घरोघरी टाक्या आहेतच. मेगावॅट म्हणजे टाकीच्या नळाची जाडी, मेगावॅट-तास म्हणजे टाकीत पाणी किती मावतं ते. किलोकरीची बॅटरी पूर्ण नळ सोडला तर दोन तासात रिकामी, राजनांदगावची तीन तासात. रात्रभर पुरेल असं त्यात काही नाही.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, साधी बसवली तर तीही बंद पडेल. बाहेरची ग्रिड गेल्यावर स्वतः व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी तयार करून फीडर (सबस्टेशनवरून निघणारी लाईन) सांभाळणारे इन्व्हर्टर वेगळे असतात, संरक्षणाची रिले वेगळी लावावी लागते, कुठले फीडर धरायचे आणि कुठले सोडायचे ते आधी ठरवावं लागतं. टेंडरमध्ये हे लिहिलं तर मिळतं, नाही लिहिलं तर कुणी फुकट देत नाही. आणि तार तुटली असेल तर काहीही बसवा, अंधारच.

आता मूळ धाग्याबद्दल. जुळे_सोलापूरकर, तुमचं कोळशाचं गणित बरोबर आहे पण ते देशाचं गणित आहे, सोलापूरचं नाही. एनटीपीसीची वीज आपल्या दाराशी तयार होते म्हणून आपली होत नाही, ती ग्रिडची. उलट आपलं गाव ग्रिडच्या मोक्याच्या जागी बसलंय. रायचूर ते सोलापूर ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी जोडली गेली, सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला तो ह्या लाईनमुळं. (आमच्यातल्या काहीजणांनी तेव्हा पेढे वाटले होते, घरच्यांना कारण कळलं नाही.) सांगायचा मुद्दा, एवढी जाड लाईन दाराशी असताना संध्याकाळची देशाची तूट भरायला बॅटरी सोलापुरातच पाहिजे असं काही नाही. राजस्थानात बसवली तरी चालते, गुजरातेत बसवली तरी चालते.

शहरात बसवायची तर कारण शहरातलं पाहिजे. ते कारण आहे. मे महिन्यात संध्याकाळी ३३/११ केव्हीचे (३३ हजार व्होल्टचे ११ हजार करणारे) ट्रान्सफॉर्मर तापतात, टॉवेलवाले म्हणतात तसे. ११ केव्हीच्या बाजूला दोन-चार तासाची बॅटरी लावली तर तो वरचा भार ती उचलते, ट्रान्सफॉर्मरला श्वास मिळतो आणि मोठा ट्रान्सफॉर्मर घालायचं काम काही वर्षं पुढं ढकलता येतं. किलोकरीसारखी जागा त्यासाठीच असते. पण त्याच्या पुढं गल्लीतला डीपी जळाला तर तिथं बॅटरीचा काही संबंध नाही, हे पण खरं.

जुळे_सोलापूरकर

काका, तुम्ही माझ्या बाजूनं आहात का विरुद्ध?

निवृत्त_ऑपरेटर

जागा आणि टेंडर बघून सांगेन.

उजनीकाठ

बॅटरी बॅटरी काय करायलाय, पाण्याची बॅटरी का नको? उजनीच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं वीजघर आहे आणि त्याचं मशीन उलटं पण फिरतं, पाणी वर ओढायला. घाटघरला २५० मेगावॅटचं असलंच आहे. लिथियम चीनचं, पाणी आपलं. पन्नास वर्षं टिकतंय.

निवृत्त_ऑपरेटर

@उजनीकाठ घाटघरला कोकणकडा आहे, वरच्या तलावातून खाली चारशे मीटरच्या वर पाणी पडतं. उजनीला उंची धरणाच्या भिंतीएवढीच. कमी उंचीला तेवढीच वीज पाहिजे तर पाणी कितीतरी पट जास्त फिरवावं लागतं. आणि उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, गेल्यावर फिरवणार काय? पंप स्टोरेज (पाणी वर चढवून वीज साठवणं) उत्तम गोष्ट आहे, पण ती सह्याद्रीत. सोलापूरचं माळरान त्या कामाचं नाही.

मोहोळकडचा

मी शेतकरी माणूस, पण वाचतोय सगळं. एक गोष्ट कुणी बोलंना झालंय. आमच्याकडं आत्ता कुठं सोलर फीडरवर दिवसा लाईट मिळायला लागलीय. आमच्या वडिलांनी जन्मभर रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन, हातातली बॅटरी बरं का, उसात पाणी दिलंय, साप-विंचवातनं. आता दिवसा मोटर चालती. मला भ्या एकच हाय, दुपारची वीज साठवून रातच्याला शहराला जास्त पैशाला विकता यायला लागली की दुपारी आमच्या मोटरीला ती परवडंल का कुणाला? जमीन आमची, ऊन आमचं, आन् कूलर तुमचा.

बसवा, पण पहिली आमच्या सबस्टेशनला बसवा. रातच्याला घरात सिंगल फेज तरी नीट मिळू द्या, पोरं अभ्यास करत्यात.

कडक_भाकरी

मोहोळच्या मामांना माझं मत.

जुळे_सोलापूरकर

मामा, तुमची भीती खोटी नाही, त्याला उत्तर करारातच द्यावं लागतं, शेतीचा फीडर आधी, उरलेलं बॅटरीत. आणि तसंही मोटरी दिवसा गेल्या म्हणजे रात्रीची तेवढी गरज कमीच झाली, हे बॅटरीच्या विरोधातलं कारण आहे खरं तर, मीच देऊन टाकतो.

आता पैशाचं. टॉवेलवाले अण्णा, शंभर-दोनशे कोटी तुम्ही हवेत टाकले, मी टेंडरचे भाव सांगतो. २०२२ मध्ये सेकीच्या (केंद्राची सौर वीज कंपनी) टेंडरला दोन तासाच्या बॅटरीचा भाव निघाला महिन्याला मेगावॅटमागं १० लाख ८३ हजार. २०२४ संपता संपता राजस्थानच्या टेंडरला तोच भाव सव्वादोन लाखाच्या आसपास आला, केंद्राची मदत धरून. दोन-अडीच वर्षात पाचवा हिस्सा! आता १ मेगावॅट दोन तास म्हणजे रोज २ हजार युनिट, महिन्याला ६० हजार. सव्वादोन लाख भागिले ६० हजार, युनिटला पावणेचार रुपये साठवायचे. दुपारची सोलर अडीच रुपये धरा, पण १०० युनिट घातले तर ८५ च्या आसपास परत मिळतात, म्हणून ती पडते तीनच्या जवळ. झाले पावणेसात रुपये, संध्याकाळी सात वाजता, शहरात, धुराशिवाय. दिवसातून दोनदा भरली-रिकामी केली तर साठवण निम्म्यावर येते.

टॉवेलवाला_अशोक_चौक

पावणेसात तुमच्या सबस्टेशनच्या गेटला. तिथून माझ्या मीटरपर्यंत वहन आकार, गळती, कर, अजून काय काय बिलावर छापून येतंय ते सगळं धरा. आणि माझी रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. तुमची बॅटरी दहा वाजता संपणार. पुढचे दहा तास?

आणि दिवसा ९ ते ५ वीज स्वस्त, संध्याकाळी महाग, हे जे टाइम ऑफ डे आणलंय त्याचं पण तेच. चोवीस तास चालणाऱ्या धंद्यानं काय करावं? माग काय वॉशिंग मशीन आहे का दुपारी लावायला. आता हेच पावणेसात तुम्ही "स्वस्त" म्हणून सांगताय आणि आम्हाला सवलतीच्या दरासाठी दर वेळी मुंबईला निवेदन घेऊन जावं लागतंय.

निवृत्त_ऑपरेटर

जुळे_सोलापूरकर, दोनदा भरायचं म्हणालात तिथं थांबतो जरा. पहिल्यांदा दुपारी सोलरनं भरली, ठीक. संध्याकाळी रिकामी झाली. दुसऱ्यांदा कशानं भरणार? मध्यरात्रीनंतर, कोळशाच्या विजेनं, सकाळी सहा ते नऊसाठी. म्हणजे अर्धी बॅटरी सूर्याची आणि अर्धी कोळशाची. त्यात वाईट काही नाही, पण मग हिरवी हिरवी म्हणून नारळ फोडू नका.

आणि बॅटरीचं सगळ्यात भारी काम साठवणीचं नाहीच, ते चपळाईचं. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलची १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासाची बॅटरी २०१७ च्या अखेरीस चालू झाली. १४ डिसेंबरला जवळपास हजार किलोमीटरवरचा लॉय यांगचा ५६० मेगावॅटचा संच ट्रिप झाला, फ्रिक्वेन्सी पडायला लागली आणि ह्या बॅटरीनं बाकी संच जागे व्हायच्या आत वीज सोडली. सोडली किती, सात मेगावॅटच्या आसपास. पण वेळेवर सोडली. कोळशाच्या संचाला वाफ वाढवायला वेळ लागतो, बॅटरीला फक्त हुकूम लागतो. आम्ही पॅनलसमोर बसून ४९.८ बघितलं की पोटात गोळा यायचा, त्यामुळं मला त्याचं कौतुक जास्त असेल.

होटगी_रोडची_ताई

काका, आगीवर कुणी बोललंच नाही.

निवृत्त_ऑपरेटर

बोलतो. मॉस लँडिंगला जळालं ते जुन्या वीजघराच्या इमारतीत, बंद छताखाली रचून ठेवलेल्या बॅटऱ्या होत्या, निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या. आता बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट लावतात, ती तापून भडकायला जास्त वेळ घेते, आणि उघड्यावर सुटे सुटे कंटेनर ठेवतात म्हणजे एक पेटला तर दुसऱ्याला लागू नये. २०२१ च्या जुलैत ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात चाचणी चालू असताना आग लागली, दोनशेवर कंटेनरमधले दोन जळाले, बाकीचे वाचले. तरी धोका शून्य म्हणणार नाही. २०१९ ला ॲरिझोनात आग धुमसत होती, आत वायू साठला होता, जवानांनी दार उघडलं आणि स्फोट झाला, जवान जबर जखमी झाले. असल्या आगीत दार न उघडता बाजूच्या कंटेनरवर पाणी मारत बसायचं असतं, तासन् तास. आपल्या अग्निशमनच्या पोरांना ते आधी शिकवावं लागेल.

कडक_भाकरी

तासन् तास पाणी. सोलापुरात. 😂

पाण्याचा वार बघूनच पेटायला लागंल बे ती.

होटगी_रोडची_ताई

हसू आलं पण मुद्दा तोच आहे. आणि आपल्याकडचं ऊन? मे मध्ये ४३-४४ असतं, लोखंडी कंटेनर उन्हात उभा. मोबाईल गाडीत राहिला तरी तापून बंद पडतो.

जुळे_सोलापूरकर

ताई, आत कूलिंग असतं, पाण्यासारखं द्रव नळ्यांतून फिरवून सेल २५-३० अंशाच्या आसपास ठेवतात. त्याला वीज लागते, हे मान्य, म्हणून उन्हाळ्यात ते ८५ टक्के थोडे खाली येतील. दहा-बारा वर्षांनी बॅटरीची ताकद सत्तर-ऐंशी टक्क्यांवर येते हे पण धरायचं. आणि जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट ही बनवणाऱ्याची जबाबदारी, तसे नियम २०२२ पासून आहेत. जागा मात्र तुम्ही म्हणता ते बरोबर, वस्तीला चिकटून नको. चिंचोळीला एमआयडीसीत जागा आहे, तिथं लोड पण आहे.

टॉवेलवाला_अशोक_चौक

हे बघा, चिंचोळीला गेली. आता अशोक चौकाचा काय संबंध राहिला? काकांनी सांगितलं की शहरातलं कारण असेल तर शहरात बसवा, ताईंनी सांगितलं वस्तीत नको, तुम्ही म्हणाला चिंचोळी. म्हणजे तापणारा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडं आणि बॅटरी मोहोळच्या रस्त्याला.

मोहोळकडचा

आमच्या वाटंवर आली म्हणायची! येऊ द्या अजून थोडी हिकडं.

निवृत्त_ऑपरेटर

टॉवेलवाल्यांचा हा मुद्दा मला सोडवता येत नाही, म्हणजे फुकटात सोडवता येत नाही. एक मोठी बॅटरी लांब ठेवायची तर ती ग्रिडच्या कामाची. पाच-पाच मेगावॅटच्या चार-पाच लहान करून ज्या सबस्टेशनला खरंच भार आहे तिथं ठेवल्या तर शहराच्या कामाच्या, पण प्रत्येक ठिकाणी जागा, भिंतीपासून अंतर, पाण्याची टाकी, मेगावॅटमागं खर्च जास्त. मला विचाराल तर दुसरं. पण त्याच्याही आधी एक बिनपैशाचं काम आहे, कुठल्या सबस्टेशनचा कुठला ट्रान्सफॉर्मर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी किती भरतो त्याच्या तासातासाच्या नोंदी असतात, लॉगशीटवर आम्हीच लिहायचो. त्या बघितल्याशिवाय ५० मेगावॅट का ५ हे बोलण्यात काही राम नाही. शहराच्या पाण्याचे पंप पण बघा, ते मोठे ग्राहक आहेत, संध्याकाळी न चालवता दुपारी चालवले आणि टाक्या मोठ्या बांधल्या तर तेवढी बॅटरी कमीच लागेल.

जुळे_सोलापूरकर

नोंदी माहितीच्या अधिकारात मागतो. काका, अर्जात नेमकं काय लिहायचं तेवढं सांगा.

निवृत्त_ऑपरेटर

३३/११ केव्ही सबस्टेशननिहाय, पॉवर ट्रान्सफॉर्मरनिहाय, मार्च ते जून, तासवार अँपिअर. सोबत ११ केव्ही फीडरचं ट्रिपिंग रजिस्टर, कारणासकट. दोन वर्षांचं मागा, जास्त मागितलं तर माहिती मोठी आहे म्हणून परत पाठवतील.

टॉवेलवाला_अशोक_चौक

ट्रिपिंग रजिस्टर नक्की मागा. "कारण" च्या रकान्यात किती ठिकाणी झाडाची फांदी लिहिलंय ते मोजून इथं टाका, मग बॅटरीवर बोलू.

होटगी_रोडची_ताई

आणि आमचं सबस्टेशन वगळू नका. ट्रान्सफॉर्मर खरंच तापत असेल तर मी जागेचा हट्ट धरणार नाही, पण भिंतीपासून किती मीटरवर ठेवणार ते लेखी पाहिजे.